पहिल्या दिवसाला जपा

पत्र असं आहे:

‘मी ५८ वर्षांची, आमचे हे ६३. दोघंही पहिल्यांदाच परदेशात निघालोय, तेही कुठल्या ग्रुपबरोबर नाही, आपले आपणच. १७ दिवस, तीन देश. तिकिटं, हॉटेलं सगळं मुलाने करून दिलं. ह्यांना मधुमेह आणि बीपी आहे. निघायला पाच आठवडे उरलेत आणि माझी झोप उडाली आहे. ज्याला विचारावं तो एक सूचना देतो. वहीत लिहीत गेले तर ९६ झाल्या. पैसे मोज्यात ठेवा, नळाचं पाणी पिऊ नका, कुणाशी बोलू नका, दाराला खुर्ची लावून झोपा. हे म्हणतात, “होईल ते होईल, लोक जातातच ना!” आमच्या दोघांत बरोबर कोण? आणि या ९६ मधलं खरंच काय करायचं?’

वहीवाल्या ताई,

आधी तुमच्या भांडणाचा निकाल लावते. दोघंही अर्धे बरोबर आहात. ह्यांचं ‘लोक जातातच’ खरं आहे. लोक जातात, फिरतात आणि परत येऊन फोटो दाखवून आपल्याला कंटाळा आणतात. तुमची काळजीही खोटी नाही. घोळ आहे तो वहीत. तिच्यात ‘पासपोर्ट सांभाळा’ आणि ‘भडक कपडे घालू नका’ एकाच शाईत, एकाखाली एक लिहिलंय. सगळ्याच गोष्टींची सारखी धास्ती घेतली की जी खरंच जपायला हवी तीच नेमकी निसटते.

माझं निरीक्षण सांगते. परदेशात माणूस फसतो, विसरतो, पडतो किंवा चुकतो तो बहुतेक वेळा दमलेला असताना. विमानातून उतरल्यावरचा पहिला दिवस, आणि मग दर वेळी गाव बदलतानाचा दिवस. झोप झालेली नाही, पोटात काही नाही, दोन्ही हातांत सामान, फोनची बॅटरी चार टक्के आणि बरोबरच्या माणसाशी नुकतंच वाजलेलं.

माझीच गोष्ट घ्या. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात मी रात्री पावणेदोनला उतरले, दोन विमानं बदलून, १९ तासांनी. सरकत्या दारातून बाहेर पडते तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ अदबीने म्हणाला, शेवटची ट्रेन गेली, टॅक्सीला तासाभराची रांग आहे, या माझ्याबरोबर. मी गेले. बॅगसुद्धा त्याच्या हातात दिली! सकाळी हॉटेलच्या काउंटरवर कळलं की ट्रेन रात्रभर चालू असते, आणि मी मोजलेल्या भाड्यात पाच वेळा शहरात येता आलं असतं. त्या ओळखपत्रावर काय लिहिलं होतं ते मी वाचलंही नव्हतं. झोप झालेली असती तर त्याला दारातच वाटेला लावलं असतं. पैशांचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. पण पासपोर्ट असलेली बॅग अनोळखी माणसाच्या डिकीत होती, हे आठवून पुढे कितीतरी दिवस पोटात गोळा यायचा.

तर वहीचं कोरं पान काढा आणि वर ‘पहिला दिवस’ एवढंच लिहा.

विमानतळावरून हॉटेलवर कसं जायचं हे घरीच ठरवा. ट्रेन असेल तर कुठली, कुठल्या स्टेशनपर्यंत, शेवटची किती वाजता. टॅक्सी असेल तर अधिकृत रांग कुठल्या दाराबाहेर लागते आणि साधारण भाडं किती. विमानतळाच्या स्वतःच्या वेबसाइटवर हे सगळं असतं. रात्री उशिरा उतरणार असाल तर हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा, चार पैसे जास्त गेले तरी. हॉटेलचं नाव-पत्ता त्या देशाच्या लिपीत कागदावर छापून घ्या. फोन मेला तरी कागद दाखवता येतो. थोडे स्थानिक पैसे खिशात असू द्या, एका टॅक्सीपुरते आणि एका जेवणापुरते. पहिल्या दिवशी बाकी काहीही ठरवू नका. मुलाने त्या दुपारी म्युझियमची तिकिटं काढून ठेवली असतील तर बदलून घ्या.

तारखेचा एक सापळा आहे, त्यात भलेभले अडकतात. तिकिटावर ‘१२ तारीख, ००.४०’ असं असेल तर ते ११ च्या रात्रीचं विमान. घरातून ११ लाच निघायचं. उतरतानाही तसंच. १२ च्या पहाटे दोनला पोहोचणार असाल तर खोली ११ पासूनची हवी, नाहीतर दुपारी दोन-तीनपर्यंत सोफ्यावर बसून राहावं लागेल. हॉटेलला एक ओळ लिहून कळवा की आम्ही उशिरा येतोय, खोली सोडू नका. मुलाने बुकिंग केलंय म्हणता. तरी हे दोन्ही एकदा स्वतः बघा. तरुणांचा हिशेब चुकतो तो इथेच.

आता कागदपत्रं. यावर फार वेळ घालवत नाही, कारण ही कामं एका दुपारची आहेत. पासपोर्टची मुदत बघा. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवशी सहा महिने शिल्लक लागतात. युरोपातल्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येतं ते देश) परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने लागतात आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. दोन कोरी पानं असू द्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय का पाहा. व्हिसा किंवा प्रवेशाची ऑनलाइन परवानगी त्या देशाच्या सरकारी साइटवरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या, अगदी सरकारी वाटणाऱ्या साइट पुष्कळदा दलालांच्या असतात आणि तेच काम दुप्पट-तिप्पट पैशांत करतात. वाटेत विमान बदलायचं असेल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते विचारा, आणि दुसरं विमान त्याच विमानतळावरून आहे ना तेही. लंडन, पॅरिस, टोकियो, न्यू यॉर्क या शहरांना एकाहून जास्त विमानतळ आहेत. हिथ्रोला उतरून गॅटविकला पळणं हा सुट्टीचा प्रकार नव्हे. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं लेट झाल्यावर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही, हेही मुलाला विचारून ठेवा.

औषधांवर मात्र मी मुक्काम करणार आहे, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट तीच आहे.

ह्यांची सगळी औषधं बरोबरच्या लहान बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नकोत. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तर कपडे विकत मिळतात. बीपीची नेमकी तीच गोळी चिठ्ठीशिवाय मिळेलच असं नाही. ते इन्सुलिन घेत असतील तर ते सामानाच्या कप्प्यात गोठण्याचाही धोका असतो, आणि गोठलेलं इन्सुलिन नंतर पूर्ववत झालं तरी वापरायचं नसतं. १७ दिवसांचा प्रवास असेल तर २५ दिवसांची औषधं घ्या आणि दोन वाटे करा: मोठा ह्यांच्या बॅगेत, आठवड्यापुरता तुमच्या. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या. डब्यांत सुट्या ओतलेल्या पांढऱ्या गोळ्या कस्टमच्या माणसाला काहीही वाटू शकतात. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घ्या, इंग्रजीत, त्यावर आजार, औषधांची मूळ नावं आणि मात्रा. कंपनीची नावं देशागणिक बदलतात. मूळ नावही कधीकधी बदलतं, आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. सुया, इन्सुलिन, पातळ औषधं सुरक्षा तपासणीत आपणहून बाहेर काढून दाखवा. १०० मिलिलिटरचा नियम गरजेच्या औषधांना लागू नसतो, पण ती दाखवावी लागतात.

घरच्या कपाटातलं खोकल्याचं किंवा सर्दीचं औषध सवयीने बॅगेत टाकू नका. कोडीनसारख्या घटकांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे, आणि सर्दीच्या गोळ्यांतलं सुडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर असेल तर जपानमध्ये ते नेताच येत नाही. दुकानात सहज मिळतं म्हणून ते सगळीकडे चालतं असं नाही. जिथे जाताय त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर औषधांचा नियम वाचा.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून आणा. घड्याळ बदलल्यावर डोस कसे घ्यायचे? पूर्वेला जाताना दिवस आखूड होतो, पश्चिमेला लांबतो, आणि दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनचा हिशेब त्याने बिघडतो. जुलाब-उलट्या झाल्या तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या? मधुमेहाची आणि बीपीची काही औषधं शरीरातलं पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाला त्रास देतात, ती तेवढ्यापुरती बंद ठेवावी लागतात. कुठली ते तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. आणि तिसरा प्रश्न, विमानात दाबाचे, म्हणजे पाय आवळून धरणारे घट्ट मोजे घालायचे का? पायांचं रक्ताभिसरण आधीच कमी असेल तर ते त्रासदायक ठरू शकतात.

पाय म्हटलं म्हणून सांगते. ९६ सूचनांत हे कुणी सांगितलं नसेल. रोज रात्री पलंगाच्या कडेला बसून ह्यांचे दोन्ही तळवे दिव्याखाली बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. प्रवासात घरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट चालणं होतं. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आलेला कळतच नाही, आणि चार दिवसांनी त्याची जखम होते. नवे बूट घेणार असाल तर आजच घ्या आणि पाच आठवडे घालून सैल करा. ट्रिपसाठी म्हणून आदल्या दिवशी आणलेले सुंदर बूट हा प्रवासातला सगळ्यात महागडा मूर्खपणा आहे, मी तोही करून बसलेय. शिवाय ह्यांच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या कायम असू द्या. जेवणाची वेळ रांगेत निघून जाते.

विम्याशिवाय निघू नका. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंच्या उपचारांचा विमा लागतोच, पण व्हिसापुरता कागद म्हणून तो काढू नका. अर्जात मधुमेह आणि बीपी दोन्ही लिहा. पॉलिसी स्वस्त व्हावी म्हणून लपवलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी बाहेर येतो. पॉलिसीत आधीपासूनचे आजार धरलेत की नाही ते वाचा आणि मदतीचा फोन नंबर कागदावर उतरवा. शक्य असेल तर दवाखान्यात भरती होण्याआधी त्या नंबरवर फोन करायचा.

विमानात काय करायचं? खिडकी की वाटेकडची जागा, तर तुमच्या वयाला आणि ह्यांच्या तब्येतीला वाटेकडची. उठता येतं. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की पायांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. घाबरू नका, दुप्पट होऊनही ती सुमारे ६,००० त एक एवढीच असते. तास-दीड तासाने एक फेरी मारायची, बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या. केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ आणि फार कोरडी असते. पाणी पीत राहा, वाइन फुकट आहे म्हणून घेऊ नका. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत लागते, चेक-इनमध्ये चालत नाही; १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) सहसा अडवत नाहीत, आणि २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते.

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळतं, त्यामुळे सहा तासांचा फरक असेल तर पहिले चार-पाच दिवस झोपेची वेळ बिघडणारच. ते आजारपण नव्हे. पहिल्या दिवशी दिवसाउजेडी बाहेर थोडं चाला, दुपारची डुलकी अर्ध्या तासाची आणि तीही गजर लावून, रात्री तिथल्या वेळेला झोपा. पूर्वेकडे जाताना हे जास्त जड जातं.

बॅग आलीच नाही किंवा फाटून आली तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवा आणि नंबर घ्या. विमानप्रवासाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रिअल कराराप्रमाणे खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते. उशिरा आलेल्याची, ते हातात पडल्यापासून २१ दिवसांत. दोघांच्या बॅगांत एकमेकांचे दोन-दोन जोड ठेवले की एक बॅग हरवली तरी कुणी उघडं पडत नाही. आणि उतरताना कस्टमच्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तूंचा रकाना असेल तर प्रामाणिकपणे भरा. विमानात मिळालेलं एक सफरचंद पर्समध्ये विसरलं म्हणून न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड होतो. दाखवलं तर फार तर ते काढून घेतात.

पैसे मोज्यात ठेवू नका. पैसे काढायला भर रस्त्यात वाकून बूट सोडणारी बाई यापेक्षा ठळक जाहिरात दुसरी नाही. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घ्या, एक तुमच्याकडे, एक ह्यांच्याकडे. दिवसाचे पैसे साध्या पाकिटात, बाकीचे कपड्यांच्या आत किंवा खोलीच्या तिजोरीत. एटीएम बँकेच्या इमारतीतलं निवडा. कार्ड लावल्यावर मशीन गोड भाषेत विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात रक्कम दाखवू का? नाही म्हणा, नेहमी स्थानिक चलन निवडा. त्या सोयीत वाईट दराने केलेली अदलाबदल दडलेली असते. बँकेचा ओटीपी घरच्या सिमवर येतो, तेव्हा तिथे नवं सिम घेतलं तरी जुनं चालू राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वी करा आणि एकदा तपासून बघा. नाहीतर खात्यात पैसे असून हात बांधलेले.

आता ‘कुणाशी बोलू नका’ या सूचनेबद्दल. ही तुमच्या वहीतली सगळ्यात वाईट सूचना. माणसांशी बोलल्याशिवाय रस्ता सापडत नाही, जेवण मिळत नाही आणि मजाही येत नाही. माझा नियम वेगळा आहे: ज्याला तुम्ही निवडून विचारलं तो बहुधा भला असतो, जो आपणहून तुम्हाला निवडतो त्याला नीट पारखायचं. बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसबाहेर एक सभ्य माणूस सांगतो, आज राजवाडा बंद आहे, चला दुसरीकडे नेतो. आणि तो दुसरीकडे म्हणजे रत्नांच्या दुकानात नेतो. पॅरिसला मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर कुणी हसत हसत तुमच्या मनगटाला दोरा बांधतं आणि मग पैसे मागतं. शांघायमध्ये दोन गोड मुली इंग्रजीचा सराव करायचाय म्हणून चहाला नेतात आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. कुठे तुमच्या खांद्यावर काहीतरी सांडतं आणि पुसायला माणूस आधीच रुमाल घेऊन हजर असतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते, त्यांनी सुरुवात केली आणि त्यांना घाई आहे. थांबायचं, ‘नको’ म्हणायचं आणि चालू लागायचं. उद्धट वाटलं तर वाटू द्या, ती माणसं तुम्हाला पुन्हा भेटणार नाहीत. कुणी पोलीस म्हणवून पाकीट बघायला मागितलं तर पाकीट द्यायचं नाही, ‘चौकीत येतो’ म्हणायचं. खरा असेल तर तो तयार होईल.

खिसेकापूंची जागा ठरलेली: मेट्रोचं दार बंद होतानाचा क्षण, सरकता जिना, आणि जिथे सगळे मान वर करून काहीतरी बघत असतात. बॅग पुढे, चेन हाताखाली. फोन कॅफेच्या टेबलावर ठेवायचा नाही. एवढं पाळलं की बाकी वेळ चोरांचा विचार सोडून द्या.

कारण चोरापेक्षा रस्ता जास्त घातक आहे. पर्यटकांच्या अपघाती मृत्यूंत वाहनांचे अपघात फार वरच्या क्रमांकावर असतात, पण वहीत त्याचं नाव नाही. जगातल्या बहुतेक देशांत गाड्या उजव्या बाजूने चालतात, काहींत डाव्या. ज्या बाजूची सवय आहे तिकडेच आपली मान आपोआप वळते आणि गाडी दुसरीकडून येते. लंडनमध्ये तर कुठल्या बाजूला बघायचं हे रस्त्यावरच रंगवून ठेवलंय, इतके लोक चुकतात. दोन्हीकडे दोनदा बघा, सिग्नललाच ओलांडा, आणि ट्राम व सायकली आवाज न करता येतात हे लक्षात ठेवा. गाडीत मागे बसलात तरी पट्टा लावा.

ट्रेनचंही एक बारीकसं. काही देशांत कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही, चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांत आणि बुडापेस्ट, प्रागच्या मेट्रोत हे आहे. तिकीट हातात असून दंड भरताना माणूस रडकुंडीला येतो.

पाण्याचं उत्तर देशागणिक वेगळं. जिथे नळाचं पाणी स्थानिक लोक बिनधास्त पितात तिथे बाटल्या विकत घेण्यात अर्थ नाही. जिथे पीत नाहीत तिथे बर्फही नको, दात घासायलाही बाटलीचंच. उकळायचं तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. गरम गरम समोर आलेलं अन्न बहुधा चालतं, मांडून ठेवलेलं कोमट नको. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. जुलाबात रक्त किंवा ताप असेल, किंवा ह्यांना पाणीही पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर बॅग ठेवली की पहिलं काम: दार उघडून जिन्यापर्यंत चालत जा आणि मधली दारं मोजा. दोघांनीही. धुरात दिसत नाही, भिंतीला हात लावून चौथ्या दारानंतर जिना हे आठवतं. एका मिनिटाचं काम आहे, दर नव्या हॉटेलात करा. खोली फार वरच्या मजल्यावर मागू नका आणि तळमजल्यावरही नको. खुर्चीचं म्हणाल तर लावायची तर लावा, पण रात्री उठताना अंधारात तिला अडखळून कुणी पडणार नाही हे बघा. आतली कडी बहुधा पुरते.

पासपोर्ट तिजोरीत ठेवायचा की अंगावर, तर देशाचा नियम पाळा. जपानमध्ये परदेशी पाहुण्यांनी तो जवळ बाळगणं बंधनकारक आहे. गाव बदलण्याच्या दिवशी अंगावरच. तिजोरीत ठेवलात तर त्याच्याबरोबर एक बूट ठेवा, अगदी खरा बूट, उद्या घालायचा आहे तो. एका पायात बूट नसताना कुणी हॉटेल सोडून जात नाही.

तरीही हरवला तर पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग आपल्या देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची छापील प्रत वेगळ्या बॅगेत, फोटो ईमेलमध्ये, दोघांचे दोन-दोन पासपोर्ट फोटो सोबत. मिळणारा तातडीचा कागद पुष्कळदा घरी परतण्यापुरताच असतो, पुढचे देश रद्द होऊ शकतात. दुःख होईल, पण त्यात जीवावरचं काही नाही. तातडीच्या मदतीचा नंबर युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११. जपानमध्ये पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला ११९. प्रत्येक देशाचा पान पालटून लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्रातून मला दिसली. सगळी वही तुमच्याकडे, म्हणजे सगळे कागद, कार्डं आणि पत्तेही तुमच्याच पर्समध्ये असणार, आणि हे हात हलवत बरोबर. असं करू नका. चुकामूक झाली तर त्यांच्याकडे हॉटेलचा पत्ता नाही, पैसे नाहीत, गोळी नाही. दोघांकडे चालू फोन, हॉटेलचं कार्ड, थोडे पैसे आणि दोन दिवसांची औषधं हवीतच. मेट्रोचं ठरवून ठेवा: एक जण चढला आणि दार बंद झालं, तर चढलेल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर उभं राहायचं, मागे राहिलेल्याने पुढची गाडी पकडायची. दोघंही परत फिरले की तासभर एकमेकांना ओलांडत राहतात.

निघायच्या आदल्या रविवारी भरलेल्या बॅगा घेऊन दोघांनी दोन मजले जिना चढून बघा. जुन्या हॉटेलांना लिफ्ट नसते, स्टेशनांवरची बंद असते. जे उचलवत नाही ते काढून टाका. ह्यांची बॅग तुम्ही उचलायची नाही हं. ‘होईल ते होईल’ म्हणणाऱ्यांना बॅग नीट भरायची बुद्धी दुसऱ्या मजल्यावर येते.